आगीचा आठवडा कुणाचा?

माणसाची लायकी बघायची तर त्याच्या गेटवरची पाटी वाचावी. आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत डॉक्टरांच्या दारावर नुसतं आडनाव आहे, वकिलाच्या दारावरचं आडनावही उन्हानं उडालंय, आणि माझ्या गेटवर ‘कुत्र्यापासून सावध’ एवढंच आहे. कुत्रं जाऊन बरीच वर्षं झाली, पाटी काढायचा कंटाळा. समोर सुरवशांकडे मात्र पितळेची पाटी आहे. ‘दिग्विजय जोतीराम सुरवसे’, आणि त्याखाली ‘प्रमुख, डिजिटल प्रशिक्षण व अध्ययन अनुभव’. ती बसली त्या सकाळी दूधवाला तिच्यासमोर किटली धरून उभाच राहिला.

“काका, हितं क्लास निघालाय व्हय?”

“क्लास नाही रे. अनुभव निघालाय. घ्यायचा असला तर मोबाइल घेऊन ये.”

तो घाईनं पुढच्या घराकडं गेला. शहाणा माणूस.

पाटीत एक अडचण होती आणि ती सगळ्या गल्लीला ठाऊक होती. दिग्विजय प्रमुख होता, पण त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं. दुसरं म्हणजे नोकरी परमनंट नव्हती. वर्षाचं कंत्राट. वर्ष सरलं की कारखान्याचे शेठ त्याला पक्का करणार, नाहीतर घरी पाठवणार. मंगळवेढ्याच्या पाहुण्यांनी त्यांच्या पायलचं लग्न नेमकं त्याच खुंटीला टांगलं होतं. पायलचा बाप ज्वारीचा मोठा शेतकरी, बोलायला मोजका. बैठकीला आला, गेटवर थांबून पाटी दोनदा वाचली, आत येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, “पत्र आलं की तारीख काढू.” म्हणजे पितळेची पाटी राहते की उतरते, आणि नवरदेव घोड्यावर चढतो की नाही, दोन्ही एका पत्रावर आलं.

आता हा दिग्विजय कोण? मूळ मोडनिंबचे लोक. बाप तिकडं शेती बघतो, आई सोनाबाई इकडं लेकाला बघते. पोरगा इंजिनियर झाला आणि पुण्याला एका कंपनीत लागला. तिथं तो कामावरच्या लोकांना मोबाइलवर शिकवायचे धडे बनवायचा. सोनाबाई मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, “आमचा दिगू शिकवणाऱ्यांना कसं शिकवायचं ते शिकून आलाय.” लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन आला तो आलाच. कंपनीनं आधी घरून काम दिलं, मग काम काढून घेतलं आणि घर राहू दिलं.

पुढं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चनमल्लप्पा शेठनी त्याला घेतलं. शेठना अध्ययनाची हौस आली होती असं नाही. परदेशातलं गिऱ्हाईक अडून बसलं होतं: प्रत्येक कामगाराला आग, मशीन, ट्रॉली, प्रथमोपचार या सगळ्याचं शिक्षण झालेलं पाहिजे, नाहीतर टॉवेल दुसरीकडून घेतो. कारखान्यात कापूस उडत असतो, ठिणगी पडली तर पेटायला वेळ लागत नाही, तेव्हा मागणी काही वेडीवाकडी नव्हती. तोवर तिथं शिक्षण चालायचं ते असं: मुकादम बिरुदेव गठ्ठ्यावर चढायचा, सगळ्यांच्या अकलेचा उद्धार करायचा, “बिडी वडताना कोण घावला तर त्याच्या तोंडात टावेल कोंबीन” असं बजावायचा आणि उतरायचा. मग चहा.

हा बिरुदेव आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात रोज माझ्या समोर बसतो. त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि माझ्या कानात आलेलंही तिथं फार मुक्काम करत नाही. कारखान्याच्या आतलं सगळं त्याच्याचकडून आलेलं.

पहिल्याच दिवशी दिग्विजयनं त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की गठ्ठ्यावरून बोलण्याला ‘वन-वे’ म्हणतात. त्यात एंगेजमेंट शून्य, म्हणजे ऐकणारा त्यात गुंततच नाही.

बिरुदेव म्हणाला, “सायेब, मी शिवी दिली की मागनं परत शिवी येती. वन-वे कुटं हाय?”

दिग्विजय हसला. समोरच्याला काही समजत नाही हे समजल्यावर हसतात तसं. मग त्यानं ‘सुरक्षावीर’ काढला. मोबाइलच्या पडद्यावरचा गुटगुटीत तरुण, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवर झूल म्हणून टॉवेल. धडा पाच मिनिटांचा, कारण माणसाचं लक्ष तेवढंच टिकतं म्हणे. धड्यात गोष्ट हवी, खेळ हवा, आणि उत्तर बरोबर आलं की लगेच शाबासकी हवी. म्हणून प्रत्येक बरोबर उत्तराला एक तारा, टाळ्या आणि वर तुतारी. पुस्तकात हे सगळं खरंच असेल. पण ज्या पॅकिंगच्या बायका दिवसभर उभ्यानं टॉवेलचे धागे कापतात आणि घड्या घालतात, त्यांच्या हाताला पाच मिनिटं उसंत कधी मिळते, हे बघायला केबिनचा जिना उतरावा लागला असता. केबिनला एसी होता.

त्या धड्यांसाठी आवाज लागायचा आणि तो दिग्विजय घरी भरायचा. सोनाबाईंच्या कपाटात. साड्या आवाज शोषतात म्हणे. हा बाबा इरकली आणि कांजीवरमच्या मधोमध मांडी घालून बसायचा, आणि बाहेर गल्लीला संचारबंदी. “काका, मिक्सर नको, व्हॉइस चाललाय.” शेंगाचटणी कुटायची तरी परवानगी काढायची. मग कपाटातून पुण्याच्या मराठीत आवाज यायचा, “मित्रहो, घाबरून जाऊ नका. सर्वप्रथम परिस्थितीचे अवलोकन करा.” ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यातल्या निम्म्या बायका घरी कन्नड बोलतात, निम्म्या तेलुगू, आणि भांडताना सगळ्या मराठी. ‘अवलोकन’ यातल्या कुठल्याच वेळी लागत नाही.

धडा तयार झाला की चाचणी आमच्यावर. आमच्या हिला त्यानं मोबाइल धरून विचारलं, “काकू, गोदामात धूर दिसला तर तुम्ही प्रथम काय कराल?” खाली चार उत्तरं.

ही म्हणाली, “ह्यांना उठवीन.”

“काकू, पर्यायातलंच निवडायचं.”

“मग आगही पर्यायातलीच लागू दे.”

त्यानं मला विचारलं, कसं वाटलं. मी म्हणालो, छान. सोलापुरात ‘छान’ म्हटलं की माणूस लवकर घरी जातो. तो गेला आणि ते ‘छान’ त्यानं अहवालात घातलं.

धडे कारखान्यात सुरू झाले. दर आठवड्याला प्रत्येकाच्या मोबाइलवर एक विषय यायचा, आणि सगळे विषय संपले की पहिल्यापासून पुन्हा उजळणी. दिग्विजयनं एक हुशारी केली होती: वीराचं बोलणं संपेपर्यंत ‘पुढे’चं बटण यायचंच नाही, आणि मधेमधे पडद्याला बोट लावलं नाही तर धडा मागं जायचा. म्हणजे मोबाइल पालथा ठेवून भाकरी खाता येऊ नये. झालं उलटंच. भाकरी खाता येईना म्हणून बायकांनी भिशी लावली.

पैशाची भिशी त्यांच्यात होतीच. तीच रीत इकडं आणली. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जिचं नाव निघेल तिनं तो विषय घ्यायचा. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे मोबाइल पुढ्यात मांडून तोच धडा सगळ्यांच्या नावानं सोडवत बसायचं. बाकीच्यांनी तिच्या वाटणीचे धागे कापायचे आणि आपापल्या डब्यातला घास तिच्यासाठी काढायचा. उजळणीला तोच विषय त्याच माणसाकडं, आणि फेऱ्या पुरत्या झाल्या की नव्यानं चिठ्ठ्या. आग आली दाक्षायणीला. ट्रॉली निंगव्वाला. प्रथमोपचार आला ज्ञानबाला, जो गठ्ठे बांधतो आणि बायकांच्या भिशीत कालवण बरं मिळतं म्हणून घुसलेला.

यात कुणी फार डोकं चालवलं असं समजू नका. आळसच होता, फक्त शिस्तीचा. पण तोच धडा इतक्या मोबाइलवर, इतक्यांदा, तुतारीसकट ऐकल्यावर तो डोक्यात बसणारच. दाक्षायणी म्हणे झोपेत “पिन ओढा” म्हणायची, आणि नवरा उठून बसायचा.

इकडं दिग्विजयच्या पडद्यावर सगळे शंभरपैकी शंभर. त्यानं तो आलेख गेटवर उभा राहून मला दाखवला.

मी म्हणालो, “सगळ्यांना शंभर? आमच्या कॉलेजात असं झालं असतं तर पेपर फुटला म्हणाले असते.”

“काका, ही एंगेजमेंट आहे.”

“एकही चुकला नाही?”

“डिझाइन चांगलं असलं की चुकायला जागा राहत नाही.”

मी छान म्हणालो.

वर्ष सरत आलं आणि गिऱ्हाइकानं बंगळुरूहून तपासणीला एक बाई पाठवल्या. शेठनी दिग्विजयला सांगून ठेवलं होतं, बाई खूश तर पत्र तयार. दिग्विजय नवा शर्ट घालून बाईंच्या पुढं पुढं चालत होता, आलेख हातात. बाई आलेखाकडं बघेनात. सरळ पॅकिंगमध्ये गेल्या आणि कन्नडमध्येच बोलायला लागल्या. निंगव्वाला इतका आनंद झाला की तिनं कात्रीच खाली ठेवली. बिरुदेवला कन्नड येतं, म्हणून पुढचं मिळालं.

बाईंनी विचारलं, “इथं आग लागली तर काय करायचं?”

निंगव्वा म्हणाली, “आगीचं दाक्षायणीला विचारा. मी ट्रॉली.”

“म्हणजे?”

“माझ्याकडं ट्रॉली आलीया. ट्रॉलीचं विचारा, सगळं सांगते.”

बाईंनी ज्ञानबाला ट्रॉलीचं विचारलं. तो म्हणाला, ते निंगव्वाचं, मी जखमेचा. आणि न विचारता त्यानं जखमेचा धडा म्हणायला घेतला: जखम वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा, शाब्बास मित्रा, तुम्ही एक तारा जिंकलात. मागची तुतारीही त्यानं तोंडानं काढली. तो धड्याचाच भाग आहे असं तो धरून चालला होता.

बाईंनी वही मिटली. “दाक्षायणी कुठं आहे?”

“कुंभारीला. भाचीची हळद हाय.”

“मग आज आग लागली तर?”

निंगव्वानं खरंच विचार केला. “आज कशाला लागंल?”

“लागली तर?”

“तर दाक्षायणीला फोन लावतो की.”

चनमल्लप्पा शेठ रागावले की मराठी सोडून कन्नडमध्ये जातात. त्या दिवशी गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, “बाई महिन्यानं परत बघनार हायत. पास झालं तर पत्र. न्हाईतर तुमचा वीर आणि तुमी, दोघं एकाच एसटीनं मोडनिंबला जावा.”

घरी सोनाबाईंना काही कळलं नाही, कारण दिग्विजय सरळ कपाटात जाऊन बसला. त्यांना वाटलं आवाज भरतोय. आमच्या हिनं मिक्सर बंद केला. मी समोरच्या कट्ट्यावर बसून पाटीकडं बघत होतो आणि ती काढल्यावर चार भोकं कशानं बुजवतात याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी बिरुदेवनं त्याला सोपा मार्ग सांगितला. “सायेब, गठ्ठ्यावर चढा. आग इझवायचा लाल सिलिंडर कुटं हाय ते बोटानं दावा, दार कुटं हाय ते दावा. वरडून सांगा. धा मिन्टाचं काम हाय. मी हाय की हितं.”

दिग्विजय चढला. हे मात्र त्यानं केलं. सगळा पॅकिंग विभाग मान वर करून बघतोय, आणि वर हा. साड्यांच्या मध्ये वर्षभर बोललेला माणूस, त्याला समोर चेहरे असण्याची सवय नाही. “मित्रहो,” म्हणाला आणि थांबला. पुन्हा “मित्रहो” म्हणाला. मागून कुणीतरी तोंडानं तुतारी वाजवली. सगळा विभाग हसला आणि साहेब खाली उतरले. बिरुदेव सांगताना म्हणाला, “दया आली बगा.” मला नाही आली. लाल सिलिंडर त्याच्या पाठीमागंच भिंतीला होता. नुसतं वळून बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं.

मग त्यानं त्याला जमतं ते केलं. बंगळुरूच्या बाईंना कळवलं, की मॅडम, एवढ्या लांब येण्याचा त्रास कशाला, फेरतपासणी ऑनलाइन घेऊ. बाईंनाही सोलापूरचं ऊन आठवलं असावं. त्या हो म्हणाल्या.

फेरतपासणीच्या दिवशी मोबाइल दिग्विजयच्या हातात. बाई तिकडून सांगणार, डावीकडच्या टेबलावर चला, त्या निळ्या टोपीवालीला विचारा. पॅकिंगमध्ये कापूस नाकात जाऊ नये म्हणून सगळ्यांना टोपी आणि मास्क असतो, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. म्हणजे दिसायला नुसते डोळे.

पहिल्या बाईनं आगीचं उत्तर घडाघडा दिलं. बाईंनी दुसऱ्या टेबलावरच्या पिवळ्या टोपीवालीला विचारायला सांगितलं, तसं दिग्विजयनं मोबाइल हळूच छताकडं फिरवला, पंखे दाखवले, हवा कशी खेळती आहे ते सांगितलं. तेवढ्यात दाक्षायणी वाकून दुसऱ्या टेबलाशी गेली आणि पिवळी टोपी चढवली. दुसऱ्या बाईनंही घडाघडा उत्तर दिलं. मग खिडक्या. मग तिसरी बाई. मग संकटकाळचं दार, बाहेरून, आतून. मग चौथी. दाक्षायणीला दम लागला होता, पण पिन, नळी, दिशा, सगळं जिथल्या तिथं.

बाई म्हणाल्या, “सगळ्यांचा आवाज सारखा कसा येतो?”

दिग्विजय म्हणाला, “मॅडम, सगळ्यांना ट्रेनिंगच सारखं आहे.”

वर्षभरात त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, जे आधी कुठं लिहिलेलं नव्हतं. बाईंनी पास केलं. शेठना काय झालं ते पूर्ण माहीत होतं. पण टॉवेल जाणार होते, गिऱ्हाईक घेणार होतं, आणि असं तोंड सांभाळून धरणारा माणूस कारखान्यात पक्का असावा असं त्यांना वाटलं. पत्र निघालं.

सोनाबाईंनी सत्यनारायण घातला. मोडनिंबहून बाप जोतीराम आला आणि नवराबायको पूजेला बसले. परमनंटचं पत्र देवापुढं, हळदकुंकू लावून, सुपारीच्या शेजारी. मंगळवेढ्याचे पाहुणे सतरंजीवर. पॅकिंगच्या बायका आल्या होत्या, बिरुदेव होता, गल्ली तर होतीच. पाहुण्यांसाठी सोनाबाईंनी खिडकीला नवे झिरमिळ्यांचे पडदे लावले होते. ऊन फार म्हणून कुणीतरी पंखा एक घर वाढवला.

पडद्याचं टोक उडून समईवर गेलं.

त्या जातीचं कापड पेट घ्यायला वेळ लावत नाही. बघता बघता ज्वाळ हातभर वर. दिग्विजय पेढ्यांचं ताट घेऊन अगदी शेजारी उभा होता. आगीवरचे सगळे धडे लिहिणारा माणूस. तो म्हणाला, “घाबरून जाऊ नका.” नेहमीच्या आवाजात, कपाटातल्या. आणि परिस्थितीचं अवलोकन करत उभा राहिला. ताट हातात तसंच.

कारखान्याच्या सगळ्या माना दाक्षायणीकडं वळल्या. ती पोह्यांचा द्रोण घेऊन बसली होती.

बिरुदेव ओरडला, “अगं ऊठ की. बगती काय?”

“माझी पाळी सरली,” दाक्षायणी म्हणाली. “नव्या चिठ्ठ्या निघाल्या सोमवारी. आग आता निंगव्वाकडं हाय.”

“निंगव्वा कुटंय?”

“आली न्हाय ती.”

सोनाबाई पाटावरून उठल्या. मागच्या दोरीवर कारखान्यातले माघारी आलेले टॉवेल वाळत होते, त्यातला एक ओला ओढला आणि पडदा बडवून बडवून खाली पाडला. दोन तडाखे लेकालाही बसले. चुकून बसले असं त्या म्हणतात. आग विझली. अर्धा पडदा गेला, भिंत काळी झाली, पत्राचा एक कोपरा करपला. भटजींनी जरा खोकून पुढचा अध्याय धरला.

पायलच्या बापानं सबंध वेळ जागा सोडली नव्हती. आता तो उठला, देवापुढचं पत्र उचललं, राख झटकली आणि सही शाबूत आहे का ते उजेडात धरून बघितलं. होती. पत्र परत ठेवलं.

“वैशाखातली तारीख धरू,” तो म्हणाला.

सोनाबाईंनी टॉवेल टाकला आणि पदर डोळ्याला लावला. धुरानं असेल. दिग्विजय वाकून नमस्कार करायला गेला, ताटासकट, आणि दोन पेढे सासऱ्याच्या पायावर पडले. सासऱ्यानं ते उचलले, एक तोंडात टाकला आणि दाक्षायणीकडं वळला.

“बाई, तुमाला लग्नाला यायचं हाय,” तो म्हणाला. “पर आदी एक बगून ठिवा. वैशाखात आग कुणाकडं येती?”

दाक्षायणीनं द्रोण चाटून पुसून खाली ठेवला.

“चिठ्ठ्या निघाल्या की कळवते,” ती म्हणाली.